थंड गॅरेज आणि फ्रिजची निवड

उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात मोटारीसाठी बांधलेले गॅरेज बहुधा घराच्या एका भिंतीला चिकटून असते, पण घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे तिथे जिला फर्नेस म्हणतात तिची, गरम हवा त्या खोलीपर्यंत नेलेली नसते. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिससारख्या शहरात जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ९ अंश सेल्सियस असते. अशा वेळी घरात २० ते २१ अंश आणि मधल्या दारापलीकडे कधी ५ अंश, कधी शून्य, तर कधी त्याहूनही खाली, अशी स्थिती आठवडेच्या आठवडे टिकते. घरातला दुसरा फ्रिज मात्र नेमका याच खोलीत जातो, कारण स्वयंपाकघरात त्याला जागा उरलेली नसते आणि नवा फ्रिज आल्यावर चालू स्थितीतला जुना टाकून देणे जिवावर येते. घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या कामात या दुसऱ्या फ्रिजच्या तक्रारींना एक ठरलेला हंगाम असतो, तो कडाक्याच्या थंडीबरोबर सुरू होतो आणि बर्फ वितळू लागले की आपोआप ओसरतो. या हंगामातल्या कामातून फ्रिज निवडण्याविषयी जे शिकायला मिळते ते दुकानातल्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

तक्रार ऐकताना प्रथम उलटीच वाटते. बाहेर पाणी गोठते आहे आणि फ्रीजरमधले मात्र वितळते आहे, असे ग्राहक सांगतो, आणि तो खरे सांगत असतो. पहिली खूण आइस्क्रीमवर दिसते, कारण साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू खाली असतो आणि मांस किंवा भाज्या अजून कडक लागत असतानाच ते मऊ पडून डब्यात खचते. त्यानंतर मटाराचे दाणे सुटे न राहता एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो, आणि शेवटी फ्रीजरच्या तळाशी मांसाचा रस ओघळून पुन्हा गोठलेला आढळतो. ही शेवटची खूण जाणत्या तंत्रज्ञाला बरेच काही सांगून जाते, कारण वितळणे आणि पुन्हा गोठणे या दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणजे यंत्र मेलेले नव्हते, ते मधूनमधून थांबत होते. फ्रिज उचलून घरात आणला की तो बिनतक्रार चालू लागतो, प्रशीतकाचा, म्हणजे बोलीत ज्याला ‘गॅस’ म्हणतात त्या उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, दाब योग्य निघतो, कॉम्प्रेसर ठणठणीत असतो. नवखा तंत्रज्ञ अशा वेळी गॅस भरून देतो किंवा थर्मोस्टॅट बदलतो, दोन दिवस ऊन पडते, फ्रिज चालतो, आणि पुढच्या थंडीच्या लाटेत तोच ग्राहक पुन्हा फोन करतो. या व्यवसायात वाया गेलेल्या फेऱ्यांचा आणि विनाकारण बदललेल्या सुट्या भागांचा मोठा वाटा या एका गैरसमजातून येतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

कारण समजून घेण्यासाठी फ्रिजची रचना पाहावी लागते. अमेरिकेत सर्वांत स्वस्त आणि म्हणून गॅरेजसाठी सर्वांत जास्त घेतला जाणारा प्रकार म्हणजे वर फ्रीजर आणि खाली फ्रिज असलेला दोन दारांचा. त्याला कॉम्प्रेसर एक असतो आणि बाष्पक, म्हणजे ज्या नळ्यांत प्रशीतक उकळून भोवतालची उष्णता शोषून घेते तो भाग, तोही एकच असतो आणि तो फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड बसवलेला असतो. तिथली गार हवा एक छोटा पंखा फ्रीजरभर फिरवतो आणि तिचा थोडासा भाग एका वाटेने खालच्या कप्प्यात उतरतो. यंत्र केव्हा चालू व्हायचे हे ठरवणारा थर्मोस्टॅट मात्र खालच्या कप्प्यात असतो, आणि तो वर काय चालले आहे याची मुळीच चौकशी करत नाही. खालचा कप्पा गरम झाला की कॉम्प्रेसर सुरू आणि गार झाला की बंद, एवढाच त्याचा कारभार. स्वयंपाकघरात हे गणित जमते, कारण खाली जेवढी उष्णता शिरते त्याच्या प्रमाणात वरही शिरते आणि खालच्या मागणीवर चाललेला कॉम्प्रेसर वरची गरजही भागवतो.

गॅरेजमध्ये हे प्रमाण मोडते, आणि कसे मोडते ते साध्या वजाबाकीने दाखवता येते. कोणत्याही कप्प्यात शिरणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. खोली २१ अंशांवर, फ्रीजर उणे १८ वर आणि फ्रिजचा कप्पा ३ अंशांवर असेल, तर वरचा फरक ३९ अंशांचा आणि खालचा १८ अंशांचा होतो. आता तोच फ्रिज ५ अंशांच्या गॅरेजमध्ये नेला, तर वरचा फरक २३ अंशांचा राहतो, म्हणजे फ्रीजरची गरज पूर्वीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. खालचा फरक मात्र अवघ्या २ अंशांवर येतो, म्हणजे मागणी पूर्वीच्या एक नवमांश होते. कॉम्प्रेसर खालच्या मागणीनुसारच चालत असल्याने वरच्या कप्प्याला साठ टक्क्यांऐवजी त्या एक नवमांशात भागवावे लागते. गॅरेज ३ अंशांवर आले की खालची मागणी शून्य होते, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि फ्रीजर हळूहळू गॅरेजच्या तापमानाकडे सरकू लागतो. येथे एकही भाग बिघडलेला नसतो. उष्णता बाहेर काढणे एवढेच ज्याचे काम, त्या यंत्राला ज्या कप्प्यावरून सूचना मिळते तिथे काढण्याजोगी उष्णताच उरलेली नसते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते, जी ग्राहकांना पटवणे अवघड जाते. फ्रीजरच्या दृष्टीने सर्वांत वाईट तापमान कडाक्याच्या थंडीचे नसून शून्य ते १० अंशांच्या पट्ट्यातले असते. गॅरेज उणे १५ वर गेले तर फ्रीजर बंद असूनही त्यातले अन्न गोठलेलेच राहते. गॅरेज ४ अंशांवर आठवडाभर थांबले तर तेच अन्न पूर्ण वितळते आणि वरवर पाहता फ्रिज ‘गार’च असतो. म्हणून तक्रारी जानेवारीच्या मध्यापेक्षा नोव्हेंबराच्या अखेरीस आणि मार्चमध्ये अधिक गोंधळात टाकणाऱ्या असतात. खोल थंडीत त्रास उलट्या दिशेने होतो: खालचा कप्पा गोठतो, अंडी तडकतात, शीतपेयांचे डबे फुगून फुटतात, पालेभाज्या काचेसारख्या होऊन मग लिबलिबीत होतात. साध्या फ्रिजला गार करता येते, उबवता येत नाही, त्यामुळे या स्थितीत त्याच्याकडे काहीच उपाय नसतो.

अशा वेळी घरमालक पहिली गोष्ट कोणती करतो, तर फ्रीजरचा खटका ‘सर्वांत थंड’ या खुणेवर नेतो. बहुतेक साध्या फ्रिजांत तो खटका थर्मोस्टॅटचा नसतोच; तो खाली जाणाऱ्या हवेच्या वाटेवरच्या झडपेची उघडझाप करतो. झडप मिटली की खालचा कप्पा उशिरा गार होतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि म्हणून वरचा कप्पा अधिक थंड होतो, ही स्वयंपाकघरातली युक्ती झाली. खालचा कप्पा मुळात गरमच होत नसेल, तर झडप कुठेही फिरवली तरी कॉम्प्रेसर जागचा हलत नाही.

कॉम्प्रेसर सुरू झाला तरी थंडीत त्याचे काम सुखाचे नसते. त्याच्या पोटातले वंगण तेल दाटते, सुरुवातीचा झटका जास्त विद्युतप्रवाह मागतो आणि संरक्षक खटका तो प्रवाह मध्येच तोडून टाकतो. दुसरा त्रास प्रशीतकाच्या स्थलांतराचा: थांबलेल्या यंत्रणेत प्रशीतकाची वाफ सर्वांत थंड जागी जाऊन साचते, आणि ती जागा कॉम्प्रेसरच असेल तर प्रशीतक तेलात विरघळते, मग यंत्र चालू होताच ते उसळून तेलाचा फेस करते आणि धावत्या भागांना वंगण मिळत नाही. व्यापारी शीतगृहांतील यंत्रांना यासाठी कॉम्प्रेसरच्या बुडाशी छोटी उष्णक पट्टी बांधलेली असते. घरगुती फ्रिजला ती सहसा नसते. तिसरा त्रास दाबाचा आहे. संघनक, म्हणजे जिथे प्रशीतक आपली उष्णता खोलीत सोडून पुन्हा द्रवरूप होते त्या बाहेरच्या नळ्या, फार थंड झाला की त्यातला दाब पडतो आणि केसासारख्या बारीक नळीतून बाष्पकापर्यंत पुरेसे प्रशीतक ढकलले जात नाही. आजकालच्या पुष्कळ फ्रिजांत आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, हे प्रशीतक असते आणि वातावरणाच्या दाबाला त्याचा उत्कलनबिंदू उणे ११.७ अंश आहे. पूर्वीच्या आर-१३४ए चा तो उणे २६ अंशांच्या आसपास होता. उणे १५ अंशांच्या गॅरेजमध्ये आयसोब्युटेनला पुढे ढकलणारा दाब किती क्षीण राहत असेल, याची कल्पना या दोन आकड्यांवरून येते.

थंडीत कोणी न पाहिलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजात वितळलेले पाणी एका नळीतून खालच्या तबकात जाते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. गॅरेजमध्ये ते नळीत किंवा तबकात गोठते, नळी तुंबते आणि पुढच्या वेळचे पाणी फ्रीजरच्या तळावर पसरून तिथे बर्फाची लादी बनते. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रासाठी पाण्याची नळी जोडलेली असेल तर ती गोठून फुटते. अशा खोलीत पाणीजोडणीचा फ्रिज घेऊच नये, याविषयी तंत्रज्ञांत मतभेद आढळत नाही.

थंडीवरचे घरगुती उपाय सर्वपरिचित आहेत. खालच्या कप्प्यात कमी शक्तीचा जुना तारेचा दिवा सतत पेटता ठेवला की थर्मोस्टॅटला कप्पा गरम झाल्याचा भास होतो आणि कॉम्प्रेसर चालू लागतो. हीच कल्पना काही कंपन्यांनी ‘गॅरेज किट’ या नावाने विकली, ज्यात थर्मोस्टॅटच्या संवेदकाजवळ एक लहानसा उष्णक चिकटवायचा असतो. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या अनेक फ्रिजांत तर ‘हिवाळ्याचा खटका’ मुळातच असतो आणि तो तेच काम करतो. गार करण्याच्या यंत्रात मुद्दाम उष्णता सोडणे विचित्र वाटले तरी तर्काला धरून आहे. किट मात्र ज्या मॉडेलसाठी बनवलेले असते त्यालाच लावावे. शिवाय ते फ्रीजर वाचवते, दाटलेले तेल पातळ करत नाही, ही त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. दिव्याचा उपाय तात्पुरता म्हणून ठीक आहे, पण अन्नाच्या पिशव्यांना टेकलेला तापता दिवा कोणीही जबाबदार तंत्रज्ञ कायमचा सुचवणार नाही.

आता निवडीकडे. दुकानात नजर जाते ती आकारमानाकडे, किमतीकडे आणि अमेरिकेत प्रत्येक फ्रिजवर लावलेल्या पिवळ्या पट्टीवरील वार्षिक विजेच्या आकड्याकडे. तो आकडा ज्या चाचणीतून येतो ती ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या खोलीत, दारे बंद ठेवून केली जाते, तेव्हा थंड गॅरेजमध्ये यंत्र कसे वागेल याविषयी ती पट्टी अवाक्षरही सांगत नाही. जो आकडा लागतो तो माहितीपुस्तिकेत, बहुधा ‘जागेची निवड’ या मथळ्याखाली, बारीक अक्षरांत असतो: यंत्र कोणत्या किमान आणि कमाल तापमानात चालावे अशी कंपनीची अपेक्षा आहे तो पल्ला. सर्वसाधारण अमेरिकी फ्रिजसाठी तो पुष्कळदा ५५ ते ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे १३ ते ४३ अंश सेल्सियस असतो. युरोपात आणि आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर हाच पल्ला हवामान-वर्गाच्या अक्षरांनी दाखवतात आणि आतल्या बाजूच्या पट्टीवर ती अक्षरे छापलेली असतात: एसएन म्हणजे १० ते ३२ अंश, एन म्हणजे १६ ते ३२, एसटी म्हणजे १६ ते ३८ आणि टी म्हणजे १६ ते ४३. सर्वांत सहनशील वर्गाची खालची मर्यादाही १० अंशांची आहे, हे पाहिले म्हणजे तापवण्याची सोय नसलेले गॅरेज या सगळ्या आखणीच्या बाहेर पडते हे उघड होते.

त्यामुळेच ‘गॅरेज-रेडी’ अशी जाहिरात असलेली यंत्रे बाजारात आली. या शब्दांमागे प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो. कुणी ३ अंशांपर्यंतची हमी देतो तर कुणी, विशेषतः केवळ फ्रीजर असलेल्या यंत्रांसाठी, उणे १८ पर्यंतची. नाव एकच असले तरी मिनेसोटातल्या घराच्या दृष्टीने पहिले यंत्र निरुपयोगी आणि दुसरे पुरेसे ठरते. ज्या फ्रिजात दोन्ही कप्प्यांना स्वतंत्र संवेदक असतात आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक फ्रीजरच्या मागणीवरूनही कॉम्प्रेसर चालवतो, तो साध्या थर्मोस्टॅटच्या फ्रिजपेक्षा बराच वरचढ ठरतो. पण खालचा कप्पा गोठू नये म्हणून त्यात उष्णक आहे की नाही हे वेगळे विचारावे लागते.

तरीही अनुभवी तंत्रज्ञाला मोकळेपणाने विचारले, तर तो बहुतेक वेळा जोड-फ्रिज, म्हणजे फ्रिज आणि फ्रीजर एकत्र असलेला, घेऊच नका, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा फ्रीजर घ्या, असे सांगतो, आणि हा सल्ला तर्काच्या कसोटीवर टिकतो. अशा यंत्रात थर्मोस्टॅट फ्रीजरच्याच तापमानाला उत्तर देतो. गॅरेज शून्यावर आले तरी आत-बाहेर १८ अंशांचा फरक उरतो आणि कॉम्प्रेसरला काम मिळत राहते. बहुतेक पेटी-फ्रीजर हाताने बर्फ काढण्याचे असतात, म्हणून तुंबणारी नळी नाही, तबक नाही, पंखा नाही. बिघडण्याजोगे भागच कमी. झाकण उघडले तरी जड गार हवा आत टिकते. गैरसोय एवढीच की तळाशी काय आहे ते वर्षभर कळत नाही, आणि त्याला तंत्रज्ञानाकडे औषध नाही. हिवाळ्यात पेटी-फ्रीजरला वीजही थोडीच लागते. उलट गॅरेजमध्ये हलवलेला जुना फ्रिज हा विजेच्या दृष्टीने महागडा पाहुणा असतो: १९७० च्या दशकाच्या मध्यातला सरासरी अमेरिकी फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट खात असे, २००१ च्या केंद्रीय मानकानंतर तेच प्रमाण ५०० च्या आसपास आले.

या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. किसलेला ओला नारळ, तोंडली, आमरस, मटार, पुरणपोळ्या हे सारे गोठवलेल्या रूपात दूरच्या भारतीय दुकानातून एकदम आणले जाते आणि गणपतीत घरी पन्नास माणसे जेवणार असली की दुसऱ्या फ्रिजची गरज भासते. अडचण अशी की गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा घेतलेला साधा फ्रिज दिवाळीपर्यंत उत्तम चालतो, सर्वांचा विश्वास बसतो, आणि संक्रांतीच्या सुमारास नारळाच्या पुड्यांना आंबूस वास येऊ लागतो. वितळून पुन्हा गोठलेला पदार्थ हाताला कडकच लागतो, म्हणून फ्रीजरमध्ये एका पेल्यात पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. नाणे कधी खाली गेलेले दिसले तर मधल्या काळात फ्रीजर वितळला होता हे निश्चित. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीनुसार फ्रिज ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली आणि फ्रीजर उणे १८ वर असावा. आमटीचे पातेले थेट गॅरेजच्या फरशीवर ठेवण्याची सवयही पुष्कळ घरांत आढळते, आणि कडक थंडीत ती निभावते. पण मोटार बाहेरून येऊन तापलेल्या इंजिनासह आत उभी राहिली की त्या खोलीचे तापमान चढते, हे पातेल्याला सांगून कळणार नसते.

जागेच्या बाबतीत दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये. अमेरिकेत गॅरेजमधील सॉकेटला जीएफसीआय हे संरक्षण लागते, म्हणजे सुमारे ५ मिलिअँपिअर इतकी अल्प विद्युतगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण. एकाच यंत्रासाठी राखून ठेवलेल्या सॉकेटला पूर्वी यातून सूट होती, ती राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २००८ च्या आवृत्तीत गेली. ओलाव्यामुळे या उपकरणाने पुरवठा तोडला की फ्रिज गुपचूप बंद पडतो आणि ते कळायला आठवडा जातो, म्हणून तापमान चढताच घरात आवाज करणारा बिनतारी तापमापक लावणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट पेट्रोलची. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साचते आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर व त्याचा खटका नेमके तिथेच असतात. इंधनाचे डबे आणि गवत कापण्याचे यंत्र फ्रिजजवळ ठेवू नये. फ्रिज घराच्या सामाईक भिंतीला, मोठ्या दारापासून दूर असावा. तिथले तापमान दाराजवळच्यापेक्षा काही अंशांनी चढे राहते. उन्हाळ्यात त्याच गॅरेजमध्ये ३५ ते ४० अंश होतात आणि संघनकावरची धूळ न झाडलेला फ्रिज दिवसभर थांबत नाही, पण तो प्रश्न झाडणीने सुटण्याजोगा आहे.

फ्रिज घेण्याआधी किमान-कमाल नोंद ठेवणारा साधा तापमापक एक हिवाळाभर गॅरेजच्या भिंतीवर टांगावा. सर्वांत कमी नोंद १३ अंशांच्या वर राहिली तर साधा अमेरिकी फ्रिज बहुधा चालेल. त्याखाली गेली तर केवळ फ्रीजर किंवा त्या आकड्यापर्यंतची लेखी हमी असलेला जोड-फ्रिज घ्यावा, आणि वर फ्रीजर व एकच थर्मोस्टॅट असलेला स्वस्त फ्रिज कितीही सवलतीत मिळाला तरी नाकारावा. विक्रेत्याला किमान तापमानाचा आकडा माहितीपुस्तिकेत छापलेला दाखवता आला नाही, तर ते यंत्र गॅरेजसाठी नाही असेच धरून चालावे.